शिकारीची वाट

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या हद्दीला लागून, आल्प्स पर्वतातले एक शिखर आहे. नाव ग्रान पारादीझो, म्हणजे शब्दशः मोठा स्वर्ग. उंची ४०६१ मीटर. त्याच्या भोवतीचे सुमारे ७१ हजार हेक्टर डोंगर, कुरणे, रान आणि बर्फ मिळून १९२२ साली इटलीचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. लोक तिथे चालायला जातात आणि प्राणी बघायला जातात. आम्ही गेलो ते भाची तोरिनोत नोकरीला आहे म्हणून. नाहीतर बेळगावच्या आम्ही दोघी जावा, मी आणि थोरल्या जाऊबाई, ज्यांना घरात सगळे आक्का म्हणतात, कुठल्या आल्प्सला जायला! आमचे डोंगर म्हणजे कुंभोजचा बाहुबली, फार तर श्रवणबेळगोळच्या पायऱ्या.

पण मला लिहायचे आहे ते प्रवासाबद्दल कमी आणि एका जनावराबद्दल जास्त. त्याचे नाव आयबेक्स. जातीने रानबोकड. नर शंभर किलोपर्यंत भरतो आणि त्याची मागे वळलेली शिंगे तलवारीसारखी मीटरभर लांब वाढतात. दरवर्षी शिंगावर एक वळे पडते, त्यावरून वय मोजता येते. मादी निम्म्या वजनाची, तिची शिंगे वीतभर किंवा थोडी जास्त. ती सहसा वर्षाला एकच पिल्लू देते, जूनमध्ये, आणि ते घेऊन अशा उभ्या कड्यावर जाऊन राहते की खालून बघणाऱ्याच्याच पोटात गोळा यावा.

हे जनावर एके काळी साऱ्या आल्प्समध्ये होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जवळजवळ सगळीकडून संपले, आणि जगात जे काही शंभरेक उरले ते या एका डोंगरात. कशाने संपले? बंदूक आली हे एक. दुसरे कारण आपल्या बायकांना चटकन कळेल असे आहे: औषध. आयबेक्सच्या शिंगाची पूड, त्याचे रक्त, त्याच्या पोटातला खडा, सगळे कशावर तरी गुणकारी मानत. त्याच्या हृदयात एक लहानसे हाड असते, क्रुसासारखे दिसणारे. ते गळ्यात बांधले की अपमृत्यू येत नाही अशी समजूत होती. हसू नका. आपल्याकडे सोन्यात मढवलेले वाघनख पोराच्या गळ्यात घालणारी घरे मी स्वतः पाहिली आहेत. आक्का म्हणाल्या ते मात्र मला सुचले नव्हते. त्या म्हणाल्या, "मोर पिसं टाकतो गं, म्हणून महाराजांच्या हाती पिंछी येते. ह्यानं शिंग कधी टाकलंय?" खरेच आहे. हरणासारखी आयबेक्सची शिंगे गळत नाहीत, जन्मभर वाढत राहतात. ती हवी तर जनावर मारावेच लागते.

१८२१ साली, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून तीन वर्षे झाली होती तेव्हा, सार्डिनिया-पिडमाँटचा राजा कार्लो फेलीचे याने आयबेक्सच्या शिकारीवर बंदी घातली. त्यामागे झुमस्टाइन नावाच्या वन अधिकाऱ्याचा आग्रह होता असे सांगतात. हा गृहस्थ डोंगर चढणारा होता, मोंते रोझाच्या एका शिखराला आजही त्याचे नाव आहे. बंदीचे वाचताना मला आधी आपला कुमारपाल आठवला. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने त्याने गुजरातेत अमारी पुकारली होती, आणि पुढे हीरविजयसूरींच्या शब्दावर अकबरानेही पर्युषणाच्या दिवसांत कत्तल थांबवली. पण ही तुलना फार पुढे नेता येत नाही. अमारी सगळ्या जीवांसाठी होती. तोरिनोच्या राजाचा हुकूम एका जनावरापुरता होता, आणि तो मोडणारेही पुष्कळ होते. डोंगरातल्या उपाशी घरांना एक आयबेक्स म्हणजे हिवाळ्याची बेगमी.

खरी गोष्ट नंतरच्या एका राजाची आहे. व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा. तोच पुढे १८६१ साली एकत्र झालेल्या इटलीचा पहिला राजा झाला. जाडजूड, प्रचंड मिशांचा, दरबारी रीतीभाती न आवडणारा, आणि शिकारीचा वेडा. १८५० च्या सुमारास त्याने या खोऱ्यांत पाऊल टाकले आणि आयबेक्सवर त्याचे मन बसले. १८५६ मध्ये त्याने हा सगळा टापू राखीव शिकार-रान म्हणून जाहीर केला. गावागावांनी आपला पिढीजात शिकारीचा हक्क राजाला लिहून दिला. बदल्यात काय मिळाले? काम मिळाले. शेकडो किलोमीटर खेचरवाटा बांधायच्या होत्या, उंचावर शिकारखाने उभारायचे होते, राजा येईल तेव्हा हाकारे घालायचे होते. पन्नासेक राखणदार नेमले, तेही इथलेच, आणि त्यांतले कित्येक कालपर्यंत चोरटी शिकार करणारे. डोंगराची खडान् खडा माहिती आणखी कुणाला असणार? इकडे सत्तावन्नाची धामधूम उडाली होती तेव्हा तिकडे हे लोक दगड फोडून राजाच्या घोड्यासाठी वाट करत होते.

ती वाट इतकी चांगली आहे की आम्ही दोघी साठी ओलांडलेल्या बायका तिच्यावरून चढून गेलो. कोन्य हे गाव, तिथून थोडे आत व्हाल्नोंते नावाची वस्ती, उंची १६६६ मीटर. तिथून वर व्हिट्टोरिओ सेल्ला नावाचे डोंगरातले मुक्कामाचे घर, २५८४ मीटरवर. पाटीवर अडीच तास लिहिले आहे. आम्हाला साडेचार लागले. पण कुठे हात टेकावा लागला नाही. चढ अंगावर येऊ नये म्हणून वाट हळूहळू वळणे घेत जाते, जागोजाग दगडी बांध घातलेले, पाणी वाहून जायला पाट काढलेले. घोड्यावर बसलेल्या जड अंगाच्या राजाला हिसका बसू नये म्हणून ही सारी काळजी. आज तिच्यावरून शाळेची पोरे जातात, म्हातारी जोडपी जातात. लार्चच्या झाडांतून सुरुवात होते, मग झाडे विरळ होतात आणि कुरण लागते. जूनच्या अखेरीला, चातुर्मास बसायच्या आधी आम्ही गेलो होतो. बर्फ नुकते उतरलेले, जमीन फुलांनी भरलेली. इतकी, की आक्का वाटेच्या मधोमध मोजून पावले टाकत होत्या. उद्यानाचा नियमही तोच आहे: वाट सोडू नका, फूल तोडू नका. "हे तर आपलंच झालं की," आक्का म्हणाल्या. चार हात पुढची जमीन बघत चालायचे हे त्या लहानपणापासून मुनींच्या विहारात मागे चालून शिकलेल्या. त्यामुळे वर बघायचे राहून जात होते आणि भाची दर दहा मिनिटांनी ओरडत होती, "आक्का, वर बघा ना!"

वर बघायला होते पुष्कळ. मार्मोट, म्हणजे मांजराहून मोठी, गुबगुबीत डोंगरी खार म्हणा, वर्षातले सहा महिने बिळात झोपून काढते. धोका दिसला की शिटी मारते, आणि सगळे कुरण एका क्षणात रिकामे. शामुआ नावाची आखूड आकडी शिंगांची शेळीसारखी जनावरे लांब बर्फाच्या पट्ट्यावरून धावताना दिसली. प्राणी बघायला इथे जीप नाही, मचाण नाही, वाटाड्या घेतलाच पाहिजे असे नाही. पहाट आणि संध्याकाळ गाठायची, दुर्बीण न्यायची, गप्प बसायचे. शेवटचे सगळ्यांत अवघड.

जेवणाचे सांगितल्याशिवाय आपल्या बायका मला सोडणार नाहीत. मुक्कामाच्या घरात संध्याकाळी सात वाजता सगळ्यांना एकदम वाढतात. जूनअखेरीस तिथे सूर्य मावळतो नऊच्या पुढे, तेव्हा चौविहाराची चिंता मिटली. पोलेंता म्हणजे आपल्या मक्याच्या कण्याच. पण ती फोंटिना नावाच्या चीजमध्ये घोळून देतात, आणि त्या चीजला विरजण लागते ते वासराच्या पोटातले. भाचीने स्वयंपाकघरात जाऊन कोरडी पोलेंता मागून आणली. आम्ही बरोबर नेलेले तूप, मेतकूट आणि चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या दोन फ्रेंच बायकांनी मेतकूट मागून घेतले आणि परत मागितले.

हे घर जिथे आहे त्या लाउझोनला पूर्वी राजाचा शिकारखाना होता. आता त्याला एका छायाचित्रकाराचे नाव आहे. सेल्लाने १९०९ साली के-टू शिखराच्या मोहिमेत काढलेली छायाचित्रे डोंगर चढणारे लोक आजही वाखाणतात, आणि त्या मोहिमेचा नेता होता याच शिकारी राजाचा नातू. आजोबा डोंगरात बंदूक घेऊन गेला, नातू दोर घेऊन. एवढा बदल एका घराण्यात दोन पिढ्यांत झाला.

संध्याकाळी आठच्या सुमारास ते आले. तेरा नर, एकामागे एक, उतारावरून सावकाश, आम्ही बसलो होतो तिथून पन्नास-साठ पावलांवर. माणसाकडे त्यांनी बघितलेही नाही. एकाने मागच्या पायाने कान खाजवावा तशी शिंगाच्या टोकाने पाठ खाजवली. दोघे मागच्या पायांवर उभे राहिले आणि शिंगाला शिंग भिडवले, ठक्क, आणि परत चरायला लागले. खरी झुंज डिसेंबरात, माजावर असताना. ही नुसती सवय. आक्कांचे डोळे भरून आले होते. बराच वेळ कुणी बोलले नाही.

मग भाचीने खालच्या सार्रे किल्ल्याचा विषय काढला, आणि वाद सुरू झाला.

तो किल्ला आम्ही आदल्या दिवशी पाहिला होता. आओस्ताच्या रस्त्यावर, नदीच्या वरच्या अंगाला चौकोनी, मधोमध मनोरा. १८६९ साली व्हिक्टर इमॅन्युएलने तो शिकारीला जाता-येता मुक्कामासाठी विकत घेतला. पुढे त्याच्या मुलाच्या, उंबेर्तोच्या काळात आतली दालने सजवली. कशाने, तर शिंगांनी. भिंतीवर, कमानीवर, छताच्या कडेने, आयबेक्सची मोठी शिंगे आणि शामुआचे आकडे, जोडीजोडीने, ओळीने, फुले काढल्यासारखी, वेल काढल्यासारखी. लांबून मला ते लग्नाच्या मांडवातल्या माळांसारखे वाटले. जवळ गेल्यावर प्रत्येक जोडीच्या मुळाशी कवटीचा पांढरा तुकडा दिसतो. मी मोजायला लागले आणि सोडून दिले. आक्का दारातूनच परत फिरल्या आणि बाहेर बाकावर बसून णमोकार म्हणत राहिल्या. तिकीट वाया गेले म्हणून मी कुरकुरले, पण आज वाटते की त्या दालनात शिरून कौतुकाने वर बघत फिरणाऱ्या आम्हा बाकीच्यांपेक्षा त्यांना ते जास्त नीट दिसले होते.

भाचीचे म्हणणे असे. हा राजा नसता तर हे तेरा नर आज इथे नसते. जगातला एकही आयबेक्स नसता. बाकी सगळ्या आल्प्समध्ये कुणी मालक नव्हता, म्हणून तिथे ते संपले. इथे एका माणसाला ते स्वतःसाठी हवे होते, त्याने पन्नास राखणदार ठेवले, म्हणून उरले. मोठ्या शिंगांचे नर त्याने मारले, पण कळप वाढला.

"मारायला म्हणून राखलं की गं ते," आक्का म्हणाल्या. "कसाई बोकड पोसतो, त्याला काय जीवदया म्हणायचं?"

"पण राखलं तर खरं ना, आक्का."

"राखलं. ते राजाचं पुण्य नाही. त्या जनावराचं आयुष्य बळकट."

आपल्याकडे हिंसा भावात मोजतात, हे आक्कांच्या हाडात आहे. बाईच्या हातून चुलीत मुंगी गेली आणि राजाने नेम धरून बोकड पाडला, ह्या दोन्ही एक नव्हेत. मग उलटही खरे मानावे लागते: राजाच्या मनात वाचवायचे नव्हते, तर वाचल्याचे श्रेय त्याच्या खात्यात कसे टाकायचे? मला त्या संध्याकाळी आक्कांचेच पटले. पण पुढचा इतिहास वाचताना गोष्ट आणखी गुंतागुंतीची होत गेली.

एक तर राजाची राखण फक्त शिकारीच्या जनावरांसाठी होती. आयबेक्स खाणारा कोणीही शत्रू. लांडगे, लिंक्स नावाचे रानमांजर, गरुड यांना उपद्रवी म्हणून मारत. हाडे खाणारे मोठे दाढीवाले गिधाड कोकरे आणि लहान मुलेसुद्धा उचलून नेते अशी अफवा होती. बिचारे मेलेल्या जनावराची हाडे उंचावरून खडकावर टाकून फोडून खाते. आल्प्समधले शेवटचे १९१३ साली याच आओस्ता खोऱ्यात मारले गेले. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेली गिधाडे १९८६ पासून ऑस्ट्रियातून पुन्हा सोडायला लागले, आणि आता या उद्यानातही त्यांची घरटी आहेत. लांडगे मात्र कुणी आणले नाहीत. इटलीच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून चालत चालत, पिढ्यांमागून पिढ्या, आपले आपण परत आले.

दुसरे, राजाने जे राखले ते साऱ्या आल्प्समध्ये पसरले कसे? चोरीने. स्वित्झर्लंडमधले आयबेक्स पार संपले होते. त्यांनी तोरिनोच्या घराण्याकडे काही जनावरे मागितली. राजा, तोपर्यंत व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा, नाही म्हणाला. ही आमच्या घरची वस्तू, अशी त्यांची भावना. मग स्विस लोकांनी आओस्ता खोऱ्यातल्या चोरट्या शिकाऱ्यांशी संधान बांधले. १९०६ साली काही दिवसांची पिल्ले राजाच्या रानातून उचलून, रात्री डोंगर ओलांडून सेंट गालेनच्या प्राणिबागेत पोचवली. तिथे ती बाटलीने दूध पाजून वाढवली. १९११ मध्ये त्यांची प्रजा डोंगरात सोडली, १९२० मध्ये स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानात. आज आल्प्सभर आयबेक्स पन्नास हजारांच्या आसपास आहेत असे मानतात. आणि ते सगळे या एका डोंगराचे वंशज. त्यामुळे ते सगळे एकमेकांचे भाऊबंद आहेत. सोयरीक जुळवायला वेगळे घराणेच उरले नाही म्हणा ना, आणि त्याचा तोटा होतोच: रक्तातली विविधता कमी, एखादी साथ आली तर झुंजायची ताकद कमी.

म्हणजे बघा, एकाने हिंसेसाठी राखले आणि दुसऱ्यांनी अदत्तादान केले, न दिलेले घेतले. आपल्या पाच अणुव्रतांतली दोन मोडली तेव्हा कुठे ही जात तगली. मी हे आक्कांना बेळगावला आल्यावर सांगितले. त्या डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि आणीबाणी आली तेव्हा त्यांना कोणी राखलं, ते नाही सांगितलंस?"

सांगायचे होतेच. १९१९ मध्ये त्याच नाही म्हणणाऱ्या राजाने आपले शिकार-रान राष्ट्राला देऊन टाकले, आणि १९२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यान झाले. कागदावर आयबेक्स सुरक्षित झाले. १९३३ मध्ये त्यांची संख्या चार हजारांच्या जवळ होती. त्याच वर्षी मुसोलिनीच्या सरकारने उद्यानाचा स्वतंत्र कारभार मोडून ते वनखात्याच्या सैनिकी दलाकडे सोपवले. डोंगर माहीत असलेले जुने राखणदार बाजूला पडले. नंतर युद्ध आले, बंदुका घरोघर, पोटात अन्न नाही. १९४५ मध्ये मोजले तर उरले होते ४१६.

चारशे सोळा. राजाने गोळ्या घालून एवढी वाताहत केली नव्हती, तेवढी बारा वर्षांत हलगर्जीने आणि भुकेने झाली.

त्या वेळी रेन्झो व्हिदेसोत्त नावाचा माणूस उद्यानाचा कारभारी झाला. शिक्षणाने पशुवैद्य, छंदाने गिर्यारोहक. १९६९ पर्यंत तो त्या जागेवर होता. त्याने राखणदारांची फळी पुन्हा उभी केली, १९४७ मध्ये उद्यानाला स्वतंत्र कारभार परत मिळाला. त्याला आयबेक्सची शिंगे भिंतीला लावायची नव्हती. त्याला ते डोंगरात हवे होते, बस्स. आक्कांना श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचे ते इथे सापडले. मला त्याच्याबरोबर ते राखणदारही दिसतात, हिवाळ्यात बर्फात गस्त घालणारे. आणि त्यांच्या मागे घरी बसलेल्या बायका. कोन्य गावच्या बायका लाकडी फिरक्यांवर दोरा गुंफून लेस विणतात, पिढ्यान्‌पिढ्या. ही कला सतराव्या शतकात मठातल्या जोगिणींनी आणली असे म्हणतात. गावचे पुरुष लोखंडाच्या खाणीत किंवा डोंगरात. त्या गुंफणीचा कागदावर नमुना नसतो, हात आईकडून मुलीकडे जातो. आम्ही एक बोटभर पट्टी घेतली. किंमत ऐकून आक्का म्हणाल्या, "योग्य आहे." एरवी त्या घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीर घेत नाहीत.

हे सारे परक्या मुलखाचे वाटत असेल तर आपल्याकडे बघा. बेळगावपासून फार दूर नसलेले दाजीपूरचे रान कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. ग्वाल्हेरच्या वाचकांना शिवपुरीचे रान शिंद्यांचे होते हे सांगायला नको. गीरचे सिंह जुनागढच्या नबाबाने राखले. राजेलोक मारायला म्हणून रान राखत, गावकऱ्यांना कुंपणाबाहेर ठेवत, आणि राजेपण गेल्यावर ती राने आपल्या हाती आली. कुंपणाबाहेर ठेवलेल्यांची गोष्ट मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते. ग्रान पारादीझोच्या माहितीकेंद्रात हक्क सोडून देणाऱ्या गावांविषयी दोन ओळी होत्या, आणि राजाच्या मिशांविषयी अख्खा फलक.

आताचे संकट निराळे आहे. १९५६ पासून राखणदार दरवर्षी आयबेक्स मोजतात. १९९३ च्या सुमारास ते जवळजवळ पाच हजार झाले होते. त्यानंतर कमी होत गेले, निम्म्याच्या आसपास आले. शिकार नाही, चोरी नाही. मोठी जनावरे धडधाकट आहेत, पण पिल्ले पहिले वर्ष काढत नाहीत. एक कारण असे सांगतात की बर्फ लवकर वितळते आणि गवत लवकर उगवून लवकर जून होते. पिल्लू जन्मते ते आपल्या ठरलेल्या वेळी, जूनमध्ये, आणि आईला दूध यायला जे कोवळे गवत हवे ते तोवर सरत आलेले असते. इथे बोट कुणाकडे दाखवायचे? राजा नाही, मुसोलिनी नाही. आम्ही बेळगावहून तिथवर गेलो त्या विमानाचाही त्यात वाटा आहे, असे भाची म्हणाली. आक्का काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही घराच्या वरच्या अंगाला थोडे चढून गेलो. एक राखणदार तिपाईवर दुर्बीण लावून बसला होता. तरुण पोरगा, डोक्याला लोकरीची टोपी. समोरच्या कड्यावर माद्या होत्या. आम्हाला नुसता दगड दिसत होता. त्याने दुर्बीण आक्कांच्या उंचीला खाली केली. आक्का बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, पिल्लू आहे. हे बघ, आईच्या पोटाखाली." भाचीने विचारले, किती आहेत? राखणदाराने वही दाखवली. माद्या सात, पिल्ले तीन. आक्कांनी पुन्हा डोळा लावला, आणि थोड्या वेळाने बोटांनी खूण केली: चार. त्याने स्वतः वाकून बघितले, हसला, तीनवर काट मारली आणि चार लिहिले.